मदत हवी आहे : द्रावणाचे आकारमान काढताना उत्तर निम्मेच का येते?

माझी मुलगी यंदा अकरावी विज्ञानला आहे. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकल्यामुळे रसायनशास्त्राची गणिते आम्ही घरी पुन्हा मराठीत मांडून पाहतो. मात्र मी वाणिज्य शाखेचा असल्याने एका ठिकाणी दोघेही अडलो आहोत.

मोलला (पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) मोलारतेने (एका लीटर द्रावणातील मोलची संख्या) भागले की आकारमान लीटरमध्ये मिळते, हे तिला नीट समजले आहे. ०.५ मोल हवे असतील आणि द्रावण २ मोलार असेल, तर ०.२५ लीटर घ्यावे लागेल, हे ती न अडखळता सांगते. अडचण पुढील उदाहरणात आहे : ०.१०० मोलार सल्फ्युरिक आम्लाच्या २५ मिलीलीटर द्रावणाचे पूर्ण उदासिनीकरण करण्यासाठी ०.२५० मोलार सोडियम हायड्रॉक्साइडचे किती द्रावण लागेल? तिने 'एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू' (एम म्हणजे मोलारता, व्ही म्हणजे आकारमान) हे सूत्र वापरले आणि १० मिलीलीटर उत्तर काढले. पुस्तकात २० आहे. आकडेमोड मी तीनदा तपासली, तिच्यात चूक नाही. मग हे सूत्र येथे का चालत नाही? नुसते उत्तर नको, कारण समजावून सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद :

ते सूत्र द्रावण विरल करण्यासाठी आहे. पाणी घातल्याने विरघळलेल्या पदार्थाचे मोल बदलत नाहीत, एवढेच ते सांगते. येथे मात्र दोन वेगळे पदार्थ आहेत आणि सल्फ्युरिक आम्लाच्या १ मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे २ मोल लागतात. आम्लाचे मोल ०.०२५ गुणिले ०.१००, म्हणजे ०.००२५, म्हणून आम्लारीचे (येथे सोडियम हायड्रॉक्साइडचे) ०.००५०; त्यांना ०.२५० ने भागले की ०.०२० लीटर, अर्थात २० मिलीलीटर. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या गणितात हे प्रमाण एकास एक असल्याने तेच सूत्र बरोबर उत्तर देते, आणि मुलांना ते सगळीकडे चालेल असे वाटू लागते. माझ्या मते तिने काही दिवस हे सूत्र बाजूला ठेवावे आणि प्रत्येक वेळी आधी संतुलित समीकरण लिहावे.

सरावासाठी प्रयोगशाळेतले उदाहरण देतो. ६.३ ग्रॅम स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्ल (मोलर वस्तुमान १२६) विरघळवून, पाणी घालत एकूण द्रावण १ लीटर केले. यातील १० मिलीलीटरला ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड किती लागेल? या आम्लालाही आम्लारीचे २ मोल लागतात. तिचे उत्तर येथे लिहा, मी पायऱ्या तपासून देईन.