परप्रांतीय ऑपरेटर ‘हाँ सर’ म्हणतात, पण जॉब बिघडल्याचं सांगत नाहीत. काय करावं?

क्यूसी_भोसरी:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या टर्निंग शॉपमध्ये (लेथवर धातूचे भाग बनवतो, त्यांनाच आम्ही जॉब म्हणतो) मी क्वालिटी बघतो. निम्मे ऑपरेटर ओडिशातल्या बलांगीरचे, दोघे बिहारमधल्या सिवानचे. पोरं कामाला चोख आहेत. पण इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, घासून जॉबचा डाया (व्यास) वाढायला लागला तरी मशीन थांबवत नाहीत. विचारलं की ‘हाँ सर, ठीक है’. नंतर माप तपासायचा गो गेज जॉबवर बसत नाही आणि अख्खा ट्रे रिजेक्ट. मालक सगळ्यांसमोर ओरडतात, मग पोरं आणखी गप्प. माझी हिंदी मराठी वळणाची, त्यांची घरची भाषा संबलपुरी नाहीतर भोजपुरी. कुणी यातून वाट काढली आहे का?

शिरोलीवाला:
दादा, ‘समझा क्या?’ विचारणं आधी बंद करा. साहेबाला तोंडावर ‘नाही’ म्हणायला आपल्या गावाकडची नवी पोरंही धजत नाहीत, ही तर घरापासून एवढ्या लांब आलेली. मायक्रोमीटर त्याच्या हातात द्या, दर दहाव्या जॉबचं रीडिंग त्यालाच कागदावर लिहू द्या. आकडा वाढताना त्याला स्वतःलाच दिसेल. आणि ज्यानं आपणहून मशीन थांबवलं त्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही, हे मालकांकडून कबूल करून घ्या. हे नाही झालं तर बाकीचं सगळं फुकट.

पेरोलवाली_ताई:
रजेचंही बघा. नुआखाई हा पश्चिम ओडिशाचा नव्या भाताचा सण, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी. आपली मुलं गणपतीला गावी जातात आणि यांना मशीनवर थांबवलं जातं. ते मनात राहतं हो. सिवानच्या मुलांना छठ महत्त्वाची, कार्तिक शुद्ध षष्ठीची. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याआधी रजा लेखी द्या. नुसतं ‘बघू’ म्हटलं तर न सांगता निघून जातात.

क्यूसी_भोसरी:
रीडिंगचा कागद सोमवारपासून लावतो. ताई, आणखी एक. काल एकानं हळूच सांगितलं, रिजेक्शनचे पैसे ठेकेदार पगारातून कापतो. मग बिघाड कोण सांगेल?

पेरोलवाली_ताई:
खरं दुखणं हेच आहे! कामगाराची बाजू ऐकल्याशिवाय नुकसानीची कपात करता येत नाही. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. ठेकेदाराकडून पगारपत्रकं मागवा, कपातीचा रकाना मालकांना दाखवा. इन्सर्ट घासण्यात त्या मुलाचा काय दोष?