रेडमाइन : अटॅचमेंट फोल्डरचा इशारा ७७७ करूनही जात नाही

नवाडिस्क : रेडमाइन (प्रकल्पांची कामं सांभाळणारं वेब अ‍ॅप) उबुंटूवर, अपाची वेब सर्व्हर आणि त्यावर अ‍ॅप चालवणाऱ्या पॅसेंजरसह. अटॅचमेंट वेगळ्या डिस्कवर हलवायच्या म्हणून कॉन्फिगरेशन डॉट वायएमएलमध्ये अटॅचमेंट्स_स्टोरेज_पाथ बदलला. आता अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधल्या इन्फर्मेशन पानावर ‘अटॅचमेंट्स डिरेक्टरी रायटेबल’पुढे उद्गारचिन्ह येतंय आणि फाइल चढत नाही. नव्या फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) दिलं, रीस्टार्टही केलं. काय राहिलं?

टर्मिनलकाका : ७७७ आधी काढा. फोल्डर अस्तित्वातच नसलं तरी हेच चिन्ह येतं, त्यामुळे रेडमाइन कुठला पाथ बघतंय ते पहिलं पाहा. प्रॉडक्शन एन्व्हायर्नमेंटमध्ये रेल्स रनरने (अ‍ॅपच्या आत एखादी ओळ चालवणारी कमांड) अटॅचमेंट डॉट स्टोरेज_पाथ छापून घ्या. जुनाच पाथ आला तर चूक वायएमएलमध्ये. ती ओळ ‘डिफॉल्ट’खाली दोन स्पेस आत हवी, टॅब चालत नाही, कोलननंतर स्पेस हवी. खाली ‘प्रॉडक्शन’च्या भागात तीच सेटिंग पुन्हा असेल तर ती ‘डिफॉल्ट’वर मात करते. हे हमखास नजरेतून सुटतं.

नवाडिस्क : पाथ नवाच छापला.

टर्मिनलकाका : मग परवानगीच. पॅसेंजर अ‍ॅप चालवतो ते कॉन्फिग डॉट आरयू या फाइलच्या मालकाच्या नावाने. मालक रूट असेल तर ‘नोबडी’ म्हणून. म्हणजे तुम्ही www-डेटा (अपाचीचा युजर) धरून बसाल आणि लिहिणारा भलताच निघेल! पॅसेंजर-स्टेटसमध्ये किंवा पीएसमध्ये युजर बघा, मग सुडो -यू वापरून त्याच युजरने नव्या फोल्डरात टच करून (रिकामी फाइल बनवून) पाहा. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर नेमआय -एल ला पूर्ण पाथ द्या, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक फोल्डरच्या परवानग्या दिसतील. वरच्या एखाद्या फोल्डरला त्या युजरसाठी एक्स (आत शिरण्याची परवानगी) नसेल तर आतल्या ७७७ चा काडीचा उपयोग नाही. मालकी त्या युजरकडे आणि ७५५ (लिहिणं फक्त मालकाला), एवढं पुरे.

नवाडिस्क : तेच होतं, माउंटच्या (डिस्क जोडलेल्या जागेच्या) वरचं फोल्डर ७०० म्हणजे फक्त मालकाला खुलं होतं. चिन्ह हिरवं झालं. जुन्या फाइल्स हलवल्या तर डेटाबेसमध्ये काही बदलावं लागेल?

बॅकअपवाली : नाही. डेटाबेसमध्ये फक्त २०२४/०५ असं उपफोल्डर आणि फाइलचं नाव असतं, पूर्ण पाथ नसतो. रेडमाइन थांबवून आरसिंक -ए ने फाइल्स कॉपी करा. पण हिरव्या चिन्हावर विसंबू नका, ती तपासणी फक्त वरच्या फोल्डरची असते. चालू महिन्याचं उपफोल्डर रूटच्या नावे राहिलं तर पान हिरवं आणि अपलोड बंद, असा प्रकार होतो. सीएचओन -आर ने आतल्या सगळ्याची मालकी त्या युजरला देऊन एक फाइल चढवून बघाच.

आणखी एक : डिस्क अनमाउंट करून त्या रिकाम्या माउंट फोल्डरची मालकी रूटकडे ठेवा. उद्या बूटच्या वेळी डिस्क माउंट झाली नाही तर निदान इशारा दिसेल, नाहीतर फाइल्स गुपचूप मूळ डिस्कवर साठत राहतील आणि माउंट परत आलं की त्याखाली दडून जातील.