बी.बी. किंगचा तो थरथरणारा सूर कसा काढायचा? (आणि पार्टी टिकवायची कशी)

बेंजोवाला_तासगाव
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमची बेंजो पार्टी आहे तासगाव साइडला, गणपती, लग्नं, जत्रा असली कामं. पंधरा वर्षं बेंजोच वाजवला पण बटणाचा बेंजो म्हणजे काय, बटण दाबलं की सूर खिळा ठोकल्यासारखा तिथंच बसतो, इकडं नाही तिकडं नाही, म्हणून दिवाळीत सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेतली. परवा भाच्यानं मोबाईलवर बी.बी. किंगचं, म्हणजे त्या अमेरिकन ब्लूज गिटारवाल्याचं, द थ्रिल इज गॉन हे गाणं लावून दिलं (ब्लूज म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं). लगा तो गडी एकच सूर लावतोय आणि तेवढ्यावर अंगावर काटा येतोय! रात्री दोनपर्यंत तोच तुकडा मागंपुढं करत बसलो, बायको म्हणाली आता तरी झोपा.
तर विचारायचं दोन. एक, ती थरथर कशी काढायचा? मी बोट हलवलं की कानापाशी डास आल्यागत आवाज येतोय. दुसरं, हा माणूस भोंगेवाले, ड्रमवाले, सगळा लवाजमा घेऊन साठेक वर्षं फिरला म्हणे. माझा पॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा) ऐन गणपतीत उचल घेऊन दुसऱ्या पार्टीत गेला, वर फोन बंद. त्यांच्यात असं होत नव्हतं का?

मिरजेची_तार
पहिल्याचं मी सांगतो, घरात तंबोरे-सतारी होतात, लहानपणापासून भोपळे आणि जवारीतच (तारेला गुंजता आवाज यावा म्हणून घोडी घासतात ती) वाढलोय.
बी.बी.चा एक नातेवाईक होता बुका व्हाइट, आईकडून भाऊ लागायचा. तो बोटात लोखंडी नळी घालून तारेवरून घसरवत वाजवायचा, त्याला स्लाइड म्हणतात. बी.बी.नं लई प्रयत्न केला, जमलंच नाही. मग नळीचा तो रडका आवाज नुसत्या बोटानं काढायच्या नादात ही थरथर आली. म्हणजे बघा, जे जमलं नाही त्याची नक्कल करताकरता त्याची सही तयार झाली!
आता कृती. तुमचं चुकतंय ते हे की तुम्ही बोट हलवताय. बोट हलवायचं नाही. पहिल्या बोटाचं टोक तारेवर घट्ट रोवायचं, अंगठा गिटारीच्या मानेवरून पूर्ण सोडायचा, बाकीची बोटं मोकळी पसरायची आणि मनगट फिरवायचं, गंजलेल्या कुलपात किल्ली खडखडवतो तसं. व्हिडिओत त्याचा डावा हात बघा, फुलपाखरू बसल्यागत फडफडतो. आणि सावकाश! घाई केली की डासच येणार. आधी सूर नीट लागू दे, एक श्वास थांबा, मग हलवा. आमच्याकडं दर्ग्याच्या उरुसात मोठे गवई गातात ते ऐकलंय ना, षड्ज लावल्या लावल्या कोणी आंदोलन देत नाही.
मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, म्हणाल तर सतारीवर पडद्यावरच तार आडवी ओढून चार-पाच सूर वर जाता येतं, गिटारीला एवढी जागा नाही, एक-दीड सुरात भागवायचं. तिसऱ्या बोटानं ढकला पण पहिली दोन बोटं मागं आधाराला ठेवा, नाहीतर नख उचकटेल.
अजून एक ऐका, तो गाताना वाजवत नव्हता आणि वाजवताना गात नव्हता. ओळ म्हणायचा, थांबायचा, मग गिटार उत्तर द्यायची. कॉर्ड, म्हणजे एकदम तीन-चार सूर मिळून वाजवणं, आपल्याला येत नाहीत असं तो स्वतःच सांगायचा. तेवढं काम बाकीच्या बँडचं.

शुद्धलेखन_सातारा
त्याला बेंजो नाही बुलबुल तरंग म्हणतात. बेंजो हे वेगळं अमेरिकन वाद्य आहे.

बेंजोवाला_तासगाव
साहेब, सुपारी द्यायला येणारा माणूस बुलबुल तरंग पार्टी पाहिजे म्हणून येत नाही ओ.

कराड_एसटी_स्टँड
😂😂
दुसऱ्या प्रश्नाचं माझ्याकडं थोडं आहे. बी.बी. म्हणजे मूळचा रायली किंग, जन्म १९२५, मिसिसिपीत कापसाच्या मळ्यावर, मोठा झाल्यावर तिकडंच दुसऱ्या एका मळ्यावर ट्रॅक्टर ड्रायव्हर. १९४६ ला ट्रॅक्टर शेडमध्ये लावताना त्याची धुराड्याची नळी मोडली, मालक काय म्हणेल या भीतीनं गडी गिटार आणि खिशात अडीच डॉलर घेऊन मेम्फिसला पळाला, वर लिहिलंय त्याच बुका व्हाइटकडं. पुढं परत येऊन त्या मोडतोडीचे पैसे फेडले हे मला जास्त आवडतं. मग मेम्फिसच्या रेडिओवर दहा मिनिटांचा कार्यक्रम मिळाला, तोही टॉनिकची जाहिरात करायला, आणि तिथंच ब्लूज बॉय हे नाव पडलं, त्याचं बी.बी. झालं.
त्याच्या गिटारीचं नाव ल्युसिल होतं, ते का ते माहीत असेलच. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सासमधल्या ट्विस्ट गावात एका हॉलमध्ये ऊब म्हणून बॅरलमध्ये रॉकेल पेटवलेलं, दोघांची मारामारी झाली, बॅरल लवंडला, सगळीकडं आग. हा बाहेर आला आणि तीस डॉलरच्या गिटारीसाठी परत आत शिरला. नंतर कळलं मारामारी ल्युसिल नावाच्या बाईवरून होती. असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून गिटारीला ते नाव. दोन माणसं गेली त्या आगीत.
आता पार्टीचं. १९५६ साली त्यानं ३४२ कार्यक्रम केले. लीप वर्ष होतं, म्हणजे २४ दिवस सुट्टी, त्यातही प्रवास आलाच! स्वतःची बस होती, सगळे तिच्यातच. गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्या माणसाला खोली मिळत नव्हती त्या काळात दक्षिणेत, तेव्हा बस म्हणजे गाडीही आणि घरही. १९५८ ला टेक्सासमध्ये ती बस गॅसच्या ट्रकला धडकली, ट्रकमधली माणसं दगावली, आणि नेमका त्या वेळी विमा लागू नव्हता. भरपाईचा बोजा याच्या डोक्यावर, फेडायला वर्षं लागली. पण फिरणं थांबलं नाही. माणसं का टिकली विचारताय तर माझं साधं मत आहे, त्याच्याकडं रोज काम होतं. आपल्याकडं गणपतीचे दहा दिवस आणि लग्नसराई, मध्ये मोकळं, मग पॅडवाल्यानं खायचं काय?

कृष्णाकाठचा
कराडवाले शेवटचं बरोबर बोललात, पण माणसं टिकतात असं सगळीकडं नाही हो. मडी वॉटर्सचं बघा, तोही ब्लूजवालाच. हा शिकागोचा, म्हणजे मूळ मिसिसिपीचाच, १९४३ ला शिकागोला आला, ट्रक चालवला, कारखान्यात राबला. तिथल्या दारूच्या गुत्त्यांत एवढा कालवा की साधी गिटार ऐकूच जायची नाही, म्हणून इलेक्ट्रिक घेतली. त्याच्या बँडमध्ये माउथऑर्गन वाजवायला लिटल वॉल्टर. १९५२ ला वॉल्टरची स्वतःची रेकॉर्ड आली, बँड दौऱ्यावर असतानाच ती हिट झाली, आणि हा पठ्ठ्या दौरा अर्धवट सोडून शिकागोला. तुमच्या पॅडवाल्यासारखाच!
पुढची गंमत अशी की वॉल्टर ज्या पोरांच्या बँडमध्ये जाऊन बसला, त्यांचा माउथऑर्गनवाला ज्युनियर वेल्स मडीकडं आला. सरळ अदलाबदल. आणि मडीनं दार लावून घेतलं नाही, नंतर कितीतरी वर्षं रेकॉर्डिंगला वॉल्टरलाच बोलवत होता, कारण तसा वाजवणारा दुसरा नव्हता. पियानोवाला ओटिस स्पॅन मात्र पंधरा-एक वर्षं राहिला. मला तर मडीच जास्त भारी वाटतो, बी.बी. थोडा गोड आहे, पण ते जाऊ दे, भांडण नको.
पॅडवाला वाजवतो कसा?

बेंजोवाला_तासगाव
वाजवतो लई भारी, तीच तर अडचण आहे.
मिरजकर, अंगठा सोडून बघितला. पहिल्या दिवशी गिटारच हातातून निसटायला लागली, मग पट्टा आखूड केला. काल संध्याकाळी दोन-तीनदा बरोबर लागला सूर, म्हणजे लगेच कळतंय हो, तार बोटाखाली जिवंत झाल्यासारखी वाटते. मग उत्साहात जास्त ओढली आणि पहिली तार तुटली, गालावर वळ आलाय. किती नंबरचा सेट घेऊ?

मिरजेची_तार
दहाचा घ्या, म्हणजे पहिली तार इंचाच्या हजारातले दहा भाग जाड. आणि चार पहिल्या तारा सुट्या आणून ठेवा, अजून तुटणार आहेत.

बेंजोवाला_तासगाव
बरं. आणि कृष्णाकाठवाले, तुमचं वाचून पॅडवाल्याला फोन लावला, उचलला नाही. मग मेसेज टाकला की शनिवारी विट्याला सुपारी आहे, नाइटचे पैसे रोख देतो, उचलीचं नंतर बघू. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही अजून.