नुसती आपटाआपटी नाहीये ती
एडिंबरोच्या (स्कॉटलंड) फ्रिंज नाट्यमहोत्सवातल्या त्या विनोदी जोडीचा खेळ म्हणजे नुसती धडपड, त्यात लिहिलेलं असं काहीच नाही, हे तुमचं म्हणणं मला काही पटलं नाही बुवा. एडिंबरोला १९४७ मध्ये तिथल्या मुख्य महोत्सवाचं आमंत्रण नसलेली आठ नाटक मंडळं आपली आपण जाऊन थडकली तिथून हे फ्रिंज सुरू झालं, आणि आजही एकाच छोट्या हॉलमध्ये दिवसभर एकामागून एक शो, तासाभराचा खेळ, संपला की लगेच आवराआवर, मग सेट लावणार कधी? दोन खुर्च्या आणि स्वतःचं अंग, एवढंच काय ते भांडवल.

आपले एकांकिकावाले हेच करतात की. लोकलमधल्या चौथ्या सीटचं (तिघांच्या बाकावर चौथ्याने बसायचं ते) एक स्किट बघितलं होतं मागे, एकही डायलॉग नाही. एक जण ऐसपैस बसलेला, दुसरा नुसता उभा राहून त्याच्या मांडीकडे बघतो. मग पहिला सरकतो, म्हणजे सरकतच नाही, फक्त खांदे हलवतो (विरारवाल्यांना कळेल), आणि दुसरा अर्धं बूड हवेत ठेवून बसतो. ब्रेक लागला की दोघं एकाच वेळी कलतात, ते टायमिंग जमवायलाच किती तालमी लागत असतील!

लॉरेल-हार्डीत पण हार्डी पडतो त्यापेक्षा पडल्यावर कॅमेऱ्याकडे बघतो तेव्हा जास्त हसू येतं. अशोक सराफ आणि लक्ष्याचं पण तेच, एक उसळला की दुसरा थांबणार. बाकी त्या फ्रिंजवाल्या जोडीच्या खेळात शेवटी शेवटी नुसतीच लाथाळी झाली, ती कापायला हवी होती, तेवढ्यापुरतं तुमच्याशी सहमत.