मदत हवी आहे: स्प्लेंडरच्या ऑइल ड्रेन बोल्टचे आटे गेलेत, इंजिन न खोलता पक्कं काम कसं करावं?

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा वेळ काढून वाचा, गाडी बाबांची आहे आणि तिच्यावरच घर चालतं. बाबा म्हापशात पायलट आहेत, म्हणजे पिवळ्या मडगार्डवाली मोटरसायकल टॅक्सी. गाडी जुनी स्प्लेंडर, ९७.२ सीसी, इंजिन अजून एकदम गोड चालतं, धूर नाही, आवाज नाही. अडचण फक्त खालच्या ऑइल ड्रेन बोल्टची.

झालं असं की मागच्या सर्व्हिसला एका गॅरेजमध्ये ऑइल बदललं, तिथे जुनाच वॉशर परत लावला, तो ठिबकायला लागला म्हणून पोऱ्याने पान्याला पाइप लावून बोल्ट आणखी आवळला. गाडी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली ऑइलचा डाग. मी १७ नंबरचा पाना लावून बघितलं तर बोल्ट फिरतोय आणि फिरतोच आहे, घट्ट काही होत नाही. ऑइल काढून बोल्ट बाहेर घेतला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार स्प्रिंगसारखी गुंडाळून आली. बोल्ट स्टीलचा, तो धडधाकट आहे, केसिंगचे (इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या कवचाचे) आटे गेलेत. आतल्या टोकाचे थोडे शाबूत दिसतात पण त्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

बोल्ट १२ एमएमचा, आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५. याला साधारण २४-२५ न्यूटन मीटर टॉर्क (आवळण्याचा पीळ) पुरतो. फूटभर लांब पान्यावर १५ किलोचा जोर दिला तरी ४५ च्या आसपास जातो, मग पाइप लावल्यावर काय होणार. नवा वॉशर टाकला असता तर एवढा जोर लावायची वेळच आली नसती, याचंच जास्त वाईट वाटतं.

आता इकडे प्रत्येक जण वेगळं सांगतोय. एक म्हणतो टेफ्लॉन टेप गुंडाळ आणि चालव, दुसरा म्हणतो एम-सील भरून कायमचं बंद कर आणि पुढचं ऑइल वरूनच पंपाने खेचून काढ. मला दोन्ही पटत नाही. टेपमुळे आटे परत येत नाहीत, आणि बोल्ट रस्त्यात सुटून पडला तर? या इंजिनात ऑइल लिटरभरही बसत नाही, तेच ऑइल क्लचला, गियरला आणि वर हेडमधल्या कॅमला. पर्वरीच्या चढणीवर मागे माणूस बसलेला असताना ऑइल संपलं तर कॅम आणि पिस्टन दोन्ही जातील, आणि मागच्या चाकावर ऑइल उडालं तर पावसात गाडी घसरेल ते वेगळंच. वरून खेचायचं म्हटलं तर तळाचा गाळ तळालाच राहणार.

केसिंग बदला असंही एकाने सांगितलं. त्यासाठी अख्खं इंजिन उतरवून खोलायचं, आणि इंजिन नंबर असलेला भाग बदलला तर आरटीओचे कागद, त्यात गाडी टॅक्सी पासिंगची. एवढं नको. आर्गॉन वेल्डिंगने भोक भरून नवीन आटे पाडायचं पण ऐकलं, पण वर्षानुवर्षं ऑइल प्यायलेल्या ॲल्युमिनियमला वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रं राहतात आणि उष्णतेने केसिंग वाकायचा धोका, म्हणून ते शेवटचा उपाय म्हणून ठेवलंय.

माझ्या डोक्यात तीनच रस्ते उरलेत. एक, भोक १२.५ ला मोठं करून १४ गुणिले १.५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचा आणि मोठा बोल्ट बसवायचा, थिवीचा एक लेथवाला करायला तयार आहे. दोन, हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी भोकात बसवायची तारेची कॉइल), म्हणजे मूळचाच बोल्ट राहील, पण ड्रेन बोल्ट दर ऑइलला उघडायचा असतो तेव्हा कॉइल बोल्टाबरोबर बाहेर येते असं वाचलंय. तीन, स्टीलचा पक्का बुश (आतून-बाहेरून आटे असलेली आखूड नळी) लॉकटाइट (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावून बसवायचा आणि त्यात १२ चा बोल्ट. मला मनातून बुशच बरा वाटतो, कारण पुढे पन्नास वेळा उघडला तरी स्टीलमध्ये स्टील. पण भोकाभोवतीची भिंत बुश मावेल एवढी जाड आहे का, आणि बुशची कड केसिंगच्या पृष्ठभागाच्या जराही वर राहिली तर वॉशर नीट बसेल का, इथे अडलोय.

आणि सगळ्यात जास्त काळजी टॅप मारताना इंजिनात पडणाऱ्या बुऱ्याची. ॲल्युमिनियम चुंबकाला लागत नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मधेमधे बाहेर काढून पुसायचं, नंतर वरून थोडं स्वस्त ऑइल ओतून खालून वाहू द्यायचं, हे करणारच आहे. शिवाय या इंजिनात कागदी फिल्टर नाही, क्लच साइडला जाळी आणि फिरणारा फिल्टर आहे, तर क्लच कव्हर उघडून तेही साफ करावं असं मला वाटतं, गास्केट नवीन टाकून. लेथवाला म्हणतो एवढ्याची गरज नाही. तुमचं काय मत?

वाढीव माहिती, गाडी अजून चालवतोय का असं खाली विचारलंय म्हणून: गाडी चालवत नाहीये, पडवीत उभी आहे, ऑइल पूर्ण काढलेलं आहे, किकसुद्धा मारू नका असं बाबांना सांगून ठेवलंय. काम गाडीवरच करायचं ठरलं तर पेट्रोल आणि बॅटरी काढून गाडी आडवी करणार, कारण खालून झोपून हँड ड्रिल धरलं की भोक तिरकं जातंच, आणि तिरकं गेलं की वॉशर एका बाजूनेच दाबला जातो.

घाई आहे ती अशी की शुक्रवारच्या बाजाराला बाबांची सगळ्यात जास्त भाडी होतात आणि चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आहे, तरी घाईत उलटंसुलटं काम करून घ्यायचं नाही. तर ज्यांनी याच इंजिनात बुश बसवलाय त्यांनी बाहेरचा व्यास किती ठेवला आणि कड किती आत घेतली ते सांगा. म्हापसा, डिचोली किंवा कुंडईच्या बाजूला असं काम सरळ आणि स्वच्छ करणारा टर्नर माहीत असेल तर मला मेसेज करा, गाडी टेम्पोत घालून आणायची तयारी आहे.