मदत हवी आहे: सेझानसारखे जलरंगाचे थर कसे चढवावेत?

मंडळी, जलरंगात मुरलेल्यांकडून मार्गदर्शन हवं आहे. सध्या फ्रेंच चित्रकार पॉल सेझानच्या अखेरच्या काळातल्या जलरंगचित्रांचा अभ्यास करतेय, विशेषतः माँ सेंत-व्हिक्त्वार डोंगराच्या. १९०६ मध्ये जाईपर्यंत तो दक्षिण फ्रान्समधल्या एक्स गावाजवळच्या लोव्ह टेकडीवरून हाच डोंगर पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. वडील बँकवाले, त्यामुळे त्यांच्या पश्चात पैशाची विवंचना नव्हती हे खरं. पण नुसत्या सवडीने असं काम होत नाही, त्याला नजरेचा चिवटपणा लागतो.

निळे, हिरवे, पिवळसर पातळ डाग एकमेकांवर अर्धवट चढलेले, मध्ये कोरा कागद, पेन्सिलीच्या तुटक रेषा. आणि तरी डोंगर भक्कम उभा! चित्रकार एमिल बर्नारने १९०४ मध्ये सेझानला काम करताना पाहिलं होतं. सावलीतल्या एका डागापासून सुरुवात, त्यावर दुसरा मोठा, मग तिसरा, असं बर्नारने लिहून ठेवलंय.

माझी अडचण इथेच आहे. तिसऱ्या थराला रंग गढूळ होतो. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा की किंचित ओला चालेल? १०० टक्के कॉटनच्या कागदाने फरक पडतो का, आणि त्यातही खरखरीत बरा की गुळगुळीत? कोऱ्या जागा आधीच ठरवता, की काम करता करता सुचतात?

कुणी या पद्धतीने सराव केला असेल तर थरांच्या टप्प्यांचे फोटो नक्की टाका. कोणते रंग वापरले, तेही लिहा.