पाचगणीच्या निवासी फुटबॉल कॅम्पची नियमावली वाचून डोकं चक्रावलंय, पाठवू की नको?

सायलीची_आई

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. लेक बारा वर्षांची आहे, पुण्यात एका क्लबकडून फुटबॉल खेळते, आवडीने खेळते. त्यांचा मे महिन्यात पाचगणीला आठवडाभराचा निवासी कॅम्प आहे. मुलं मुली दोन्ही, वय 10 ते 17. राहायचं एका बोर्डिंग शाळेच्या होस्टेलवर कारण सुट्टीत ते रिकामं असतं, ग्राउंड तिथलंच आणि पहाटे टेबललँडवर, म्हणजे तिथल्या पठारावर, फिटनेस.

काल फॉर्म आला, सोबत चार पानी नियमावली. मोबाईल आणायचा नाही. घरचा खाऊ आणायचा नाही. पालकांनी मधे भेटायला यायचं नाही. साडेनऊला लाईट बंद. एक जण उशिरा आला तर अख्ख्या टीमला राउंड. नखं, केस, बूट, पांघरुणाची घडी कशी घालायची हे सुद्धा लिहिलंय. ते ठीक आहे हो, शिस्त हवीच. पण चारही पानांत मोठ्या माणसांबद्दल एक ओळ नाही. कोच किती, कोण, मुलींच्या मजल्यावर रात्री कोण झोपणार, कोणाला ताप आला तर काय करणार, काहीच नाही. आणि शेवटी सहीसाठी वाक्य, "कोणत्याही इजा, अपघात अथवा नुकसानीस आयोजक जबाबदार राहणार नाहीत".

ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, मॅडम डोन्ट वरी, आपण सगळे फॅमिलीच आहोत. त्याखाली बाकीच्या पालकांचे अंगठे 👍. नवरा म्हणतो आम्ही एनसीसीच्या कॅम्पला गेलो तेव्हा आमच्या बापाने काय विचारलं होतं. लेकीच्या मैत्रिणी चालल्यात त्यामुळे ती हटून बसलीय. मला पाठवायचं आहे खरं तर, पण नेमकं काय विचारू आणि कसं विचारू? कटकटी पालक असा शिक्का बसला तर पुढच्या सिलेक्शनला तिलाच त्रास, हीपण भीती आहे.

---

तिरकस_तात्या

पाठवा हो. आठ दिवस मोबाईल नाही, आई नाही, पांघरुणाची घडी स्वतः घालायची, एवढं फुकटात कोण शिकवतं. हल्ली पोरांपेक्षा पालकांनाच कॅम्पची गरज आहे. एवढी चौकशी लग्नाच्या स्थळाची पण करत नाहीत लोक.

---

पेठेतला_गोली

तात्या तुम्ही बसा जरा. ताई, मी कोल्हापूरचा, पेठेत वाढलो म्हणजे फुटबॉल आईच्या दुधातनंच आला म्हणा, गुडघा गेल्यावर कोचिंगकडे वळलो आणि असले कॅम्प आतनं बघितलेत, काही चांगले, काही असे की आठवून अजून घाम फुटतो. त्यामुळं लांब लिहितोय, कंटाळू नका.

पोरांसाठी चार पानं नियम लिहिणं सगळ्यात सोपं काम आहे हो. जो आयोजक मोठ्यांसाठी अर्धं पान तरी लिहितो त्याच्याकडं पोरगं पाठवायचं, हे माझं साधं गणित. म्हणजे बघा, रात्री मुलींच्या मजल्यावर बाई वॉर्डन किंवा बाई कोच पाहिजेच, आणि ती तिथंच झोपणारी पाहिजे, "बिल्डिंगमध्ये असतात" असलं उत्तर चालवून घ्यायचं नाही. खोल्यांची वाटणी वयानुसार. 10 ते 17 एका कॅम्पात चालतंय पण एका खोलीत नाही चालत. दहा वर्षाच्या पोराला सतरा वर्षाच्या पोरांत टाकलं की त्याच्याकडनं बूट पुसून घेणं, पाणी आणायला लावणं सुरू होतं आणि तिथनं पुढं काय काय होतं ते सांगायला नको. हे कोच लोकांना माहीत असतं पण झोप मोडून बघायला कोण जात नाही.

कोचची पात्रता बिनधास्त विचारा. फुटबॉलमध्ये एआयएफएफची, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाची, लायसन्स असतात, डी, मग त्याच्या वरचं सी वगैरे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, एनआयएसचा, कोचिंग डिप्लोमा असेल तर चांगलंच. पण लायसन म्हणजे शिकवता येतं एवढंच कळतं, माणूस कसा ते कळत नाही, त्यासाठी पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. ऑनलाईन अर्ज करून मिळतं, अवघड काही नाही. सोबत येणारा ड्रायव्हर, आचारी, फिजिओ यांचंही विचारा, सगळ्यांचं लक्ष कोचवरच असतं.

आता ते राउंडचं. एकाच्या चुकीला सगळ्यांना पळवायचं हा प्रकार मला आधीपासून पटत नाही. टीम स्पिरिट वगैरे काही वाढत नाही, रात्री त्या उशिरा आलेल्या पोराला बाकीचे धुतात एवढंच होतं. आणि मे महिन्यात पाचगणीची हवा गार लागते म्हणून पोरं पाणी पीत नाहीत, ऊन मात्र कडकच असतं. त्यात शिक्षा म्हणून दुपारी राउंड मारायला लावले की चक्कर येऊन पडतात. शिक्षा म्हणून पळवणं, जेवण बंद, कोंबडा हे चालणार नाही असं लिहून घ्या.

डोक्याला मार लागला तर त्या दिवशी परत ग्राउंडवर नाही, पोरगी कितीही "मी ठीक आहे सर" म्हणाली तरी. हा नियम त्यांच्याकडं आहे का विचारा, उत्तर देताना अडखळले तर समजून जा.

---

नंदू_वाईकर

मी वाईचा, पाचगणीला रोज वर जाणं येणं असतं कामानिमित्त. गोलीदादांनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो.

मे मधे पाचगणी म्हणजे जत्रा असते, विशेषतः शनिवार रविवार. पसरणी घाटात गाड्या अडकल्या की तासन् तास हलत नाहीत. त्यामुळे हॉस्पिटलचं काय ते आधीच ठरलेलं पाहिजे. वर दवाखाने आहेत, किरकोळ सगळं होतं, पण हाड मोडलं, डोक्याला लागलं तर घाट उतरून वाई नाहीतर पुढं सातारा. 108 ला फोन केला तरी अँब्युलन्स त्याच ट्रॅफिकमधून येणार ना. म्हणून कॅम्पची स्वतःची एक गाडी आणि ड्रायव्हर चोवीस तास तिथंच उभा हवा, मुलं सोडून परत पुण्याला पळणारा नको. एवढं एकच विचारलं तरी चालेल.

टेबललँड. जागा झकास, पहाटे तर काय बोलायलाच नको, घोडेवाले आणि गर्दी यायच्या आत जातात म्हणजे वेळ पण बरोबर आहे. पण सगळीकडे रेलिंग नाहीये आणि कडेला सरळ कडा आहे. फोटो काढायला मोठी माणसं कुठवर जातात ते बघून आमचा जीव वर येतो. तिथं मुलं नेताना पुढं एक मागं एक कोच आणि वर जाताना खाली येताना मोजणी, एवढं तरी हवं.

दुसरं म्हणजे वळीव. मे च्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारनंतर कधीही आभाळ येतं, विजा पडतात. उघड्या पठारावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमची मुलंच. झाडाखाली पळायचं नाही, पत्र्याच्या शेडखाली नाही, पक्की इमारत नाहीतर बंद गाडी. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की खेळ बंद आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही, हा नियम जगभर पाळतात. आमच्याकडं "दोन थेंबांना काय घाबरता" म्हणतात.

माकडं खाऊ पळवतात, त्यामुळे खाऊबंदी तेवढी बरोबर आहे 😄

---

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत मुलगा सॉकर खेळतो, समर कॅम्पला जातो. आमच्याकडे जे नियम आलेत ते लोक शहाणे आहेत म्हणून नाही आले, जिम्नॅस्टिक्समध्ये डॉक्टर लॅरी नासरने शेकडो मुलींवर वर्षानुवर्षं अत्याचार केले आणि मोठमोठ्या संस्था गप्प बसल्या म्हणून आले. त्यानंतर 2018 च्या फेब्रुवारीत कायदा झाला. आता ऑलिम्पिक खेळांच्या संघटनांना बांधलेला नियम असा की मोठा माणूस आणि मूल एकटे असतील तर ते दुसऱ्याला दिसेल आणि कोणीही मधे येऊन थांबवू शकेल अशाच ठिकाणी. बंद खोलीत एकट्याला बोलावून "टॅक्टिक्स" समजावणं नाही. कोचने मुलाला एकट्याला मेसेज करायचा नाही, ग्रुपवर किंवा पालकांना सोबत ठेवून. मसाज, टेपिंग सुद्धा दुसरा मोठा माणूस हजर असतानाच.

किती मुलांमागे किती मोठे, तर ब्रिटनमधली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था 9 ते 12 वयाला आठ मुलांमागे एक आणि 13 ते 18 ला दहा मुलांमागे एक असं सुचवते, आणि गट लहान असला तरी किमान दोन मोठे. तुमच्या कॅम्पला 60 मुलं असतील तर सहा-सात तरी मोठी माणसं हवीत.

अजून एक, यूएस सॉकरने, म्हणजे इथल्या फुटबॉल महासंघाने, 2015 मध्ये 10 आणि खालच्या वयाला हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, बंद केलं, 11 ते 13 ला सरावातलं हेडिंग मोजकंच ठेवलं. मुलगी बारा वर्षांची आहे म्हणून सांगितलं, कोचला विचारून बघा हेडिंगचा सराव किती घेतात.

---

तिरकस_तात्या

अमेरिकेचे नियम पाचगणीला लावले तर फी पण डॉलरमधे घेतील. आपल्याकडे साठ मुलांमागे दोन सर आणि एक शिपाई असतो, आणि सगळे जिवंत परत येतात.

---

काळा_कोट

तात्या, सगळे येत नाहीत. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजच्या सहलीतली 14 मुलं बुडाली. ती तर कॉलेजची, मोठी मुलं होती. असो.

ताई, त्या सहीच्या वाक्याबद्दल. सही केली म्हणून आयोजकांचा निष्काळजीपणा माफ होत नाही. फी घेऊन सेवा देतायत, म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा लागतो, आणि निष्काळजीपणाने जीव गेला तर ते फौजदारी प्रकरण आहे, तिथे तुमची सही त्यांना वाचवत नाही. तरी माझा सल्ला, सही करताना खाली हाताने लिहा की "आयोजकांच्या निष्काळजीपणामुळे झालेली इजा वगळून" आणि फोटो काढून ठेवा. बरेच जण हे वाक्य कुठून तरी उचलून चिकटवतात, त्यांनाही त्याचा अर्थ माहीत नसतो.

मुलं ताब्यात असताना मारहाण, छळ, जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75 आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. "कॅम्प म्हणजे शाळा नाही" ही पळवाट तिथे चालत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पॉक्सो, 2012 चा कायदा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होऊ शकेल असं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कलम 19. आपापसात मिटवू, क्लबचं नाव खराब होईल, हे चालत नाही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर त्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे आयोजकांना एवढं विचारा की तक्रार आली तर ती कोणाकडे जाते, आणि तो माणूस स्वतः कोच नसावा. मुलीकडून 1098 ही मुलांची हेल्पलाईन आणि 112 हा आणीबाणीचा नंबर पाठ करून घ्या, तुमचा नंबर पण. मोबाईलमुळे मुलांना आईबापाचे नंबर पाठ नसतात हल्ली.

---

मृण्मयी_क

मोबाईलबंदीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. मोबाईल नको याला माझाही पाठिंबा आहे, एका खोलीत आठ मुली आणि प्रत्येकीकडे कॅमेरा हा वेगळाच ताप आहे. पण मोबाईल नाही म्हणजे घरी बोलताच येणार नाही असं नको. संध्याकाळी ठरलेल्या वेळी वॉर्डनच्या फोनवरून बोलायला मिळावं, आणि कोच शेजारी उभा नसताना. वेळ नसतानाही मुलीने घरी फोन करायचाय म्हटलं तर का म्हणून न विचारता लावून द्यावा. आमच्याकडे एक सांकेतिक वाक्य ठरलेलं आहे, "मनीला खायला दिलं का" असं लेक म्हणाली की आम्ही गाडी काढायची. घरी मांजर नाही 😅

आणि बारा वर्षांची आहे तर पाळीचं. पहिल्यांदा तिथेच आली तर कोणाला सांगायचं, त्या बाईंचं नाव आधीच कळू दे. बॅगेत पॅड आणि जास्तीचे कपडे असू देत. चालू असलेली औषधं, दमा, ॲलर्जी हे फॉर्ममध्ये विचारलंय का? नसेल विचारलं तर तोच मोठा लाल झेंडा समजा. आणि तिकडची लाल माती जांभ्याची, घसरलं की गुडघे सोलून निघतात, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेवढं बघून घ्या.

---

सायलीची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, तात्या तुमचेही. ग्रुपवर न लिहिता आणखी चार आयांना फोन केले, तर सगळ्यांच्याच मनात हेच होतं, अंगठे मात्र आधी दिले होते. मग आम्ही पाच जणींनी मिळून एकच मेल केला, त्यामुळे कोणा एकीवर शिक्का नाही.

उत्तर आलं. कोचची नावं आणि लायसन्स पाठवली. मुलींच्या मजल्यावर दोन बायका राहणार, एक होस्टेलची वॉर्डन आहे आणि एक त्यांची सहायक कोच. संध्याकाळी फोन मिळणार. गाडी तिथेच राहील म्हणाले. खोल्या वयानुसार करतो म्हणाले. टीमला राउंडवाला नियम काढणार नाहीत, "तो आमच्या क्लबचा कल्चर आहे" असं उत्तर आलं. चारित्र्य प्रमाणपत्राचं म्हणाले की कोचेसचं आहे, आचाऱ्याचं नाही. विजेचं विचारलं तर "बघू, तेवढा पाऊस नसतो". हातांनी लिहिलेल्या ओळीवर अजून काही बोलले नाहीत.

---

पेठेतला_गोली

बरंच झालं की. राउंडवर अडून बसू नका, दुपारी 12 ते 4 राउंड नाहीत आणि पाणी कधीही प्यायला परवानगी एवढं घ्या लिहून. "बघू" मात्र चालवून घेऊ नका. ग्राउंडपासून पक्कं छत किती मिनिटांवर आहे आणि खेळ थांबवायचा हुकूम कोणाचा, हे दोनच प्रश्न विचारा. टेबललँडवर गेल्यावर गाडी खाली किती लांब उभी असते हेपण.

---

सायलीची_आई

विचारते. आता एकच राहिलं, सगळ्यांना पुण्याहून टेम्पो ट्रॅव्हलरने नेणार आहेत, शनिवारी सकाळी दहाला निघणार म्हणे. त्यात पाठवू की आम्ही सोडून येऊ?

---

नंदू_वाईकर

शनिवारी दहाला निघाले तर भर दुपारी घाटात अडकणार. पहाटे पाचला निघायला सांगा, साडेआठच्या आत वर. स्वतः सोडायला आलात तर फार बरं, होस्टेल, बाथरूमच्या कड्या, मुलींचा मजला सगळं डोळ्याने बघून होईल. आणि येताना शुक्रवारी रात्रीचा घाट नको, ट्रॅव्हलर असो की तुमची गाडी.